एक लहानसे देणे

एक डॉलर चाळीस सेंट ही काही माणसाची झोप उडवावी अशी रक्कम नव्हे. २०२४ सालच्या ऑक्टोबरात आपल्याकडच्या हिशेबाने तिचे सव्वाशे रुपयेही होत नव्हते. पण त्या रकमेपायी मी एक रात्र जागून काढली आणि दुसऱ्या दिवशीची सबंध सकाळ एका रेल्वेच्या फलाटावर नुसता बसून घालवली. घरातल्यांनी याचा दोष माझ्या वयाला दिला. वय झाले की माणूस क्षुल्लक गोष्टी उगाळत बसतो, असे त्यांचे म्हणणे. असेलही. पण काही क्षुल्लक गोष्टी उगाळल्याशिवाय त्यांचा वास कळत नाही, असे मला वाटते. म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

माझी मुलगी अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या पश्चिमेला हिल्सबरो नावाचे गाव आहे, तेथे राहते. तिच्या घरापासून सात-आठ मिनिटांच्या वाटेवर ओरेंको नावाचे स्थानक आहे. तेथून जाते ती आपल्या लोकलसारखी भारदस्त गाडी नव्हे. तिला लाइट रेल म्हणतात. मुंबईची ट्राम ज्यांनी पाहिली आहे त्यांना एवढे सांगितले तरी पुरे, की ती ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद न पडता खाऊनपिऊन वाढली असती, तर आज जशी दिसली असती तशी ही गाडी आहे. गावात ती रस्त्यावरून घंटा वाजवीत जाते, गावाबाहेर पडली की स्वतःच्या रुळांवरून चांगला वेग घेते, आणि पोर्टलंडच्या अलीकडे डोंगर आला की बोगद्यात शिरते.

एका शनिवारी माझ्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन मी प्राणिसंग्रहालय पाहायला निघालो. ते त्या डोंगरावरच आहे. बोगद्यात, जमिनीखाली दोनशे साठ फुटांवर, वॉशिंग्टन पार्क नावाचे स्थानक आहे; तेथे उतरायचे आणि उद्वाहकाने वर यायचे. आम्ही ओरेंकोला पोहोचलो तेव्हा गाडी येऊन उभीच होती. नात पुढे धावली, मी मागून धावलो. म्हणजे माझ्या वयाला जे धावणे म्हणतात तसे. दार मिटायच्या आत चढलो, जागा मिळाली, आणि क्वाटामा हे पुढचे स्थानक येण्यापूर्वी नात माझ्या कानाशी लागली.

“आबा, तुम्ही कार्ड लावलंत?”

फलाटावर एक खांब असतो, त्याला कार्ड टेकवायचे. हिरवी खूण उमटली की झाले तिकीट. नातीने धावता धावता आपले कार्ड टेकवले होते. मी विसरलो होतो. आणि तरी तिच्या प्रश्नाला माझ्या तोंडून जे उत्तर गेले ते विचार करून दिलेले नव्हते. ते आपोआप गेले, पायाला ठेच लागली की ‘आई गं’ निघते तसे.

मी म्हणालो, “पास.”

“पास म्हणजे?” तिने विचारले.

खिडकीबाहेर मेपलची लाल-पिवळी झाडे मागे पडत होती. मी तिला ती दाखवली. क्वाटामाला उतरून कार्ड टेकवता आले असते आणि दहा-पंधरा मिनिटांनी येणारी पुढची गाडी धरता आली असती, हे मला तेव्हाही कळत होते. मी उतरलो नाही. तपासनीस आला नाही. आम्ही हत्ती पाहिले, येताना मी कार्ड नीट टेकवले आणि संध्याकाळी घरी आलो. नातीने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मुले हल्ली आपल्याला सांभाळून घेतात.

आता या स्थानकाला दार नाही, ही गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळे त्यातच आहे. ओरेंकोच्या फलाटाला भिंत नाही, कुंपण नाही, फिरते आडवे दांडे नाहीत, तिकिटे पाहणारा माणूस नाही. रस्त्यावरून चालता चालता तुम्ही फलाटावर आलात हे केवळ पायाखालची फरशी बदलली म्हणून कळते. गाडीत अधूनमधून तपासनीस येतो. तिकीट नसेल तर २०१८ सालापर्यंत सरसकट एकशे पंचाहत्तर डॉलर दंड होता. त्या वर्षी तो नियम बदलला. पहिल्या खेपेला वेळेत भरला तर पंचाहत्तर डॉलर, किंवा त्याऐवजी काही तास समाजसेवा. पण रोज जाणाऱ्या माणसाला हा तपासनीस क्वचितच भेटतो. बाकी सारा कारभार तुमच्यावर.

आपल्याकडून जाणारा पाहुणा हे पाहून ताबडतोब एक निष्कर्ष काढतो. तिकडची माणसे प्रामाणिक, म्हणून दारे नाहीत. आपण तसे नाही, म्हणून मुंबईच्या आणि पुण्याच्या मेट्रोला कार्ड टेकवल्याशिवाय न उघडणारी दारे. मीही पहिल्या आठवड्यात हेच घरी फोनवर सांगितले होते. नंतर चौकशी केली तेव्हा या प्रामाणिकपणाची जमाखर्चाची बाजू कळली. रस्त्यातच उभ्या असलेल्या स्थानकाला दारे बसवायची तर आधी त्याभोवती भिंती हव्यात, मग दारे, मग दारांपाशी माणसे. त्यापेक्षा प्रवाशावर विश्वास ठेवणे स्वस्त पडते. ही पद्धत युरोपातून तिकडे गेली आणि १९८१ साली सॅन डिएगोच्या गाडीने अमेरिकेत प्रथम ती धरली. गंमत अशी की पोर्टलंडने १९८२ साली आपल्या बसगाड्यांवर हाच प्रयोग केला होता. लोक पैसे चुकवू लागले आणि दोन वर्षांत तो गुंडाळावा लागला. तरीही १९८६ साली तेथे लाइट रेल सुरू झाली ती दारांशिवायच! एकदा फसलेल्या विश्वासावर पुन्हा विश्वास टाकला, याला उदारपणा म्हणावे की हिशेब, हे मला अजून ठरवता आलेले नाही. बहुधा दोन्ही. आपल्या घरातले पुष्कळसे विश्वास तरी दुसऱ्या कशाचे बनलेले असतात?

आणि खरे सांगायचे तर दार नसलेले स्थानक पाहायला मी पोर्टलंडपर्यंत जायची गरज नव्हती. ज्या मुंबईच्या लोकलने मी माझे तारुण्य काढले, तिच्या स्थानकांना कुठे असली दारे होती? तेथेही माणसांचा लोंढा मोकळाच आत शिरे आणि मोकळाच बाहेर पडे. त्या लोंढ्यात कोठेतरी काळा कोट घालून टी.सी. उभा असे, आणि त्याच्यासमोरून जाताना हात खिशाकडे न नेता, मान जराशी हलवून, आम्ही एकच शब्द उच्चारीत असू: ‘पास’. तो ऐकून घेई. रोज शेकडो माणसांचा शब्द तो नुसता ऐकून घेई. याला विश्वास म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

१९७२ साली मी डोंबिवलीहून व्ही.टी.ला जात असे. आता त्या स्थानकाचे नाव बदलले आहे, पण माझा पास व्ही.टी.चा होता, तिसऱ्या वर्गाचा, महिन्याचा. तेव्हा तिसरा वर्ग होता. एका महिन्यात तो वीस तारखेला संपला. पगार एक तारखेला. मधले दहा दिवस मी संपलेल्या पासावर प्रवास केला. कारण विचाराल तर पैसे गावी मनीऑर्डरने गेले होते, आणि हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आलो. ते खरेही आहे. पण त्याच दहा दिवसांत मी शिवाजी मंदिरात एक नाटक पाहिले, हेही खरे आहे. हे दुसरे सत्य आज प्रथमच लिहितो आहे.

त्यातला एक दिवस विसरता येत नाही. व्ही.टी.ला उतरलो. टी.सी. समोर आला. मी मान हलवून ‘पास’ म्हणालो. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, हातात डबा होता, काखेत वर्तमानपत्र होते. त्याने माझ्याकडे धड पाहिलेही नाही. माझ्या मागे एक पोरगा होता, सोळा-सतरा वर्षांचा. सदऱ्याला बटणे नव्हती, पाटीवाल्याचे चुंबळ खांद्यावर होते. तोही ‘पास’ म्हणाला. टी.सी.ने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतले.

मी चार पावलांवर थांबलो. का थांबलो ते सांगता येणार नाही, भीतीने असेल. पोराने कमरेची गाठ सोडली, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले काहीतरी काढले, त्याची एक घडी उलगडली, दुसरी उलगडली. आतून पास निघाला. टी.सी.ने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. तारीख पाहिली. पास बरोबर होता. टी.सी.ने तो परत दिला आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. पोराने सगळ्या घड्या पुन्हा तशाच घातल्या, गाठ मारली आणि माझ्याजवळून निघून गेला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पाहण्याचे कारणच नव्हते. आम्हा दोघांत काय घडले होते ते फक्त मला ठाऊक होते.

मला वाटते, त्या दिवशी टी.सी.ने तिकीट तपासले तेव्हा माझेही तपासलेच होते. ते माझ्या सदऱ्यावर होते.

ओरेंकोच्या गाडीत माझ्या तोंडून तो शब्द निघाला, तेव्हा बावन्न वर्षे मध्ये गेली होती.

त्या रात्री जेवणानंतर मी विषय काढला. जावई हुशार गृहस्थ आहेत. ओरेंकोपासून जवळच इंटेलचा रॉन्लर एकर्स नावाचा अवाढव्य कारखाना आहे, आणि संगणकाच्या चिपांच्या या धंद्यामुळे त्या भागात आपली मंडळी पुष्कळ आहेत. तेही त्याच धंद्यात आहेत. त्यांनी माझा प्रश्न अभियंत्यासारखा सोडवून दिला. “बाबा, पहिलं म्हणजे गाडी तुमच्याशिवायही जाणारच होती. जागा रिकामी होती. तुमच्यामुळे विजेचं बिल काही वाढलं नाही. आणि दुसरं, या गाडीचा खर्च तिकिटांवर चालतच नाही. इथे जो धंदा पगार देतो त्याला पगाराच्या रकमेवर या गाडीसाठी कर भरावा लागतो. मुख्य उत्पन्न ते. म्हणजे माझ्या नावाने दरमहा पैसे जातातच. तुमचं तिकीट घरातून गेलं असं समजा.”

त्यांचे सर्व मुद्दे बरोबर होते, आणि माझे समाधान झाले नाही. जो युक्तिवाद ऐकून बरे वाटते पण हलके वाटत नाही, त्यात काहीतरी राहून गेलेले असते. गाडी माझ्याशिवाय जाणारच होती, हे १९७२ सालीही खरे होते. किंबहुना प्रत्येक फुकट्याच्या बाबतीत ते खरेच असते. मुलगी म्हणाली, “जाऊ दे ना बाबा, विसरलात तुम्ही. मुद्दाम थोडंच केलंत?” हे मात्र मला लागले. कार्ड टेकवायला विसरलो तो अपघात. क्वाटामाला उतरलो नाही तो अपघात नव्हता. आणि ‘पास’ म्हणालो ते काय होते?

प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात गायजीज नावाच्या मेंढपाळाची कथा सांगितली आहे. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा आत फिरवला की तो माणूस अदृश्य होतो. मग तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य घेतो. प्रश्न असा, की अशी अंगठी मिळाली तर कोण नीतीने वागेल? आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार मजेने टाळला. त्यांनी अंगठी चालूच दिली नाही. सूर्य पाहतो, चंद्र पाहतो, वारा, अग्नी, भूमी, दिवस आणि रात्र, दोन्ही सांजवेळा, शिवाय स्वतःचे हृदय. एवढे साक्षीदार उभे केल्यावर अदृश्य व्हायचे कोणापासून? लहानपणी आजीने मला हे सांगितले तेव्हा त्या सांजवेळांचीच मला जास्त भीती वाटली होती. चंद्र निदान ढगाआड तरी जातो.

पण या दोन्ही कथा माझ्या कामाच्या नाहीत, हे मला त्या रात्री कळले. गायजीज अदृश्य होता म्हणून सुटला. मी सुटलो तो चांगला दिसत होतो म्हणून. माझी अंगठी उलटी होती. ती घातली की लोक पाहात, पण संशय घेत नसत.

येथे दार नसलेल्या स्थानकाची स्तुती जरा अवघड होऊन बसते. दार उद्धट असते, पण ते सगळ्यांशी सारखेच उद्धट असते. मेट्रोच्या दाराला सदरा दिसत नाही, कातडीचा रंग दिसत नाही, मराठी कोणत्या पेठेतले आहे ते ऐकू येत नाही. पैसे भरले असतील तर ते उघडते, नसतील तर ते उघडत नाही. न्यायाधीशालाही आणि हमालालाही. विश्वासाचे तसे नाही. विश्वास माणसे ठेवतात आणि माणसे बघून ठेवतात. पोर्टलंडमध्येही हा वाद अनेक वर्षे चालू आहे, की गाडीत तपासनिसाची नजर कोणाकडे आधी वळते. २०१८ साली तेथील एका न्यायाधीशाने एका खटल्यात असा निर्णय दिला, की काहीही संशय नसताना पोलिसाने प्रवाशाला अडवून तिकीट मागणे हे राज्याच्या घटनेत बसत नाही. गाड्यांतली तपासणी त्यामुळे बंद झाली नाही, पण प्रश्न मोठा मार्मिक आहे. संशय असेल तरच विचारायचे म्हटले, तर संशय कोणाचा येणार? बटणे नसलेल्याचाच. आणि संशय नसतानाही विचारायचे म्हटले, तर सज्जन माणसाचा तो रोजचा अपमान. चुंबळवाल्या पोराला हे दोन्ही कायदे ऐकवले असते तर त्याने कोणता निवडला असता? मला वाटते, त्याने दारच मागितले असते.

आणि मी? मी अजूनही मोकळ्या फलाटाच्या बाजूचा आहे. पण ही बाजू घेण्याचा हक्क मला किती, याची आता शंका येते. ज्याला कोणी अडवले नाही त्याला मोकळेपणा आवडायचाच.

सकाळी चहा झाल्यावर मी छत्री घेऊन बाहेर पडलो. ऑक्टोबरात तिकडे पाऊस सुरू होतो. आपल्यासारखा कोसळत नाही, हवेत नुसता टांगलेला असतो. ओरेंकोची ही वस्ती माझ्या आवडीची आहे. घरे रस्त्याला अगदी लगटून बांधली आहेत, प्रत्येकाला पुढे ओसरी आहे, आणि मोटारी ठेवायच्या खोल्या मागच्या गल्लीत लपवल्या आहेत. त्यामुळे रस्त्यावरून जाताना दिसतात ती माणसे. ओसरीवरचा म्हातारा हात वर करतो, आपणही करतो. १९९८ साली रेल्वे येथे आली त्या सुमारास ही वस्ती मुद्दाम तिच्यासाठी आखली गेली. लोक पायी स्थानकावर जातील आणि मोटारी कमी वापरतील, असा बेत होता. पुढे ब्रूस पोडॉब्निक नावाच्या एका समाजशास्त्रज्ञाने येथल्या घरोघरी पाहणी केली. त्याला असे आढळले, की शेजारधर्म इतर उपनगरांपेक्षा येथे खरोखर अधिक आहे; पण कामावर जाताना बहुतेक लोक मोटारीच काढतात. मला हा निकाल फार माणसासारखा वाटतो. ओसरी दिली तर माणूस बोलतो. रेल्वे दिली तर ती आहे या गोष्टीचे त्याला समाधान वाटते.

रुळांच्या दक्षिणेला जुने ओरेंको आहे. ओरेगन नर्सरी कंपनी या नावातल्या अक्षरांतून हे नाव निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ही कंपनी येथे फळझाडांची रोपे वाढवी आणि तिच्या नोकरांसाठी हे गाव वसले. १९१३ साली त्याची रीतसर नगरपालिका झाली. मग कंपनी बुडाली, आणि १९३८ साली गावाने आपली नगरपालिका आपणच विसर्जित केली. त्या काळीही विजेवर चालणारी एक रेल्वे येथून जाई. तीही १९३० च्या दशकात थांबली. आजची गाडी बरीचशी तिच्याच वाटेने धावते. ओरेंको नावाचे एक सफरचंदही आहे. गाव गेले, कंपनी गेली, गाडी गेली आणि परत आली. सफरचंदाचे नाव राहिले.

फलाटावर पोहोचलो. आदल्या दिवशीचे देणे फेडायचे तर ते कसे, याचा विचार मी रात्रीच करून ठेवला होता. तेथे खिडकी नाही, बाबू नाही. जाऊन ‘हे घ्या’ म्हणायला कोणी समोर नाही. एकच वाट होती. कार्ड टेकवायचे आणि गाडीत बसायचे नाही.

टेकवले. हिरवी खूण उमटली. ज्येष्ठांसाठी अर्धे तिकीट, एक डॉलर चाळीस, अडीच तास चालणारे. मी बाकावर बसलो.

वाचकांना वाटेल, झाले, उठून घरी जायचे. मलाही तसेच वाटले होते. पण तिकीट अजून जिवंत होते. समोर गाडी आली, दारे उघडली, आणि माझ्या मनात आले, की खिशात चालू तिकीट आहे. निदान बीव्हर्टनपर्यंत जाऊन यावे, पैसे तर दिलेच आहेत! केवढा हा मोह! आदल्या दिवशी पैसे न देता बसण्याचा जेवढा झाला नव्हता, तेवढा आता पैसे देऊन न बसण्याचा होत होता. मग मी ठरवले, की तिकीट मरेपर्यंत येथून हलायचे नाही. चालकाच्या खिडकीतून एका बाईने माझ्याकडे पाहिले आणि क्षणभर गाडी थांबवून धरली. म्हातारा उठायला वेळ लावतो आहे असे तिला वाटले असावे. मी हाताने ‘जा’ म्हणून खूण केली. तिने मान हलवली, घंटा वाजवली आणि ती गेली. अशा पुष्कळ गाड्या गेल्या.

बसल्या बसल्या मला अमेरिकी सरकारचा एक विलक्षण फंड आठवला. त्याला सदसद्विवेकाचा फंड म्हणतात. १८११ साली कोणा अनामिकाने सरकारला आपण फसवले म्हणून पाच डॉलर पाठवले, तेथून तो सुरू झाला. तेव्हापासून माणसे त्यात पैसे पाठवीत आली आहेत. सरकारने नाव विचारायचे नाही, माणसाने सांगायचे नाही. हे मला चोख वाटते, आणि अपुरेही. सरकारचे पैसे सरकारला परत करता येतात. रेल्वेच्या दहा दिवसांच्या भाड्याचे काय, मी उद्या व्ही.टी.ला जाऊन पन्नास तिकिटे काढून टोपलीत टाकीन. पण त्या सकाळी मी खर्च केला तो रेल्वेचा पैसा नव्हता. टी.सी.च्या जवळ त्या दिवसापुरता जेवढा विश्वास होता, त्यातला एका माणसाचा वाटा मी उचलला, आणि ज्याचा तो होता त्याला कमरेची गाठ सोडावी लागली. तो आता असलाच तर सत्तरीला आला असेल. त्याला शोधायचे कोठे, आणि सापडला तरी त्याला काय सांगायचे? की बाबा, तुझा पास बरोबर होता? ते त्याला ठाऊकच होते.

साडेबारा वाजता तिकीट संपले. पाय अवघडले होते. परत येताना ओसरीवरच्या म्हाताऱ्याने पुन्हा हात वर केला; मीही केला, पण जरा उशिराने.

घरी दिवाळीची तयारी चालली होती. जावई शिडीवर उभे राहून आकाशकंदिलाची तार बांधीत होते. माझा वृत्तांत ऐकून ते वरूनच म्हणाले, “बाबा, म्हणजे काल तुम्ही बसलात ते त्यांच्या मोजणीत नाही आणि आज बसला नाहीत ते आहे. बेरीज बरोबर आली.” मग कंदील लावून झाल्यावर खाली उतरून हळूच विचारले, “पण अडीच तास?” मी त्यांना व्ही.टी.ची गोष्ट सांगितली. नात पायरीवर पणत्या पुसत बसली होती. तिने सगळे ऐकले.

लक्ष्मीपूजनाला मुलीने आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे एक नवी वही पाटावर ठेवली. आमचा व्यापार कधीच नव्हता, पण माझ्या वडिलांच्या वेळेपासून घरखर्चाची वही पूजेला असते. पहिल्या पानावर ‘श्री’ काढायचा मान नातीचा. तिने तो काढला, हळदकुंकू वाहिले, आणि मग कोणी न सांगता पेन्सिल घेऊन खाली आणखी काहीतरी लिहू लागली. तिला मराठी लिहायला तिची आई रविवारी शिकवते. जीभ दातांत धरून तिने बराच वेळ लिहिले.

पूजा झाल्यावर मी चष्मा लावून पाहिले. तिने लिहिले होते: ‘आबांचे देने. एक मुलगा. मुंबई.’ रकमेची जागा मोकळी सोडली होती.

मी तिची पेन्सिल घेतली आणि ‘देने’मधला न खोडून ण केला.